सदूभावजींची सावकाश गोळी

कोंडाणं गाव मागं पडून चढ लागला होता, तेव्हा जिजाच्या ध्यानात आलं की आपले दीर मघापासून एकटेच बोलतायत. ओठ हलत होते, मान हलत होती, मधूनच एक बोट वर जाई आणि समोरच्या दगडाला काहीतरी बजावून खाली येई. तिनं थोडी वाट पाहिली. मग विचारलं, “भावजी, त्या दगडानं काय केलंय तुमचं?”

सदू ओशाळला. “उद्या सायबाला काय सांगायचं ते जुळवतोय, वहिनी.”

“मग सायबालाच सांगा. दगड बिचारा आयतवारचा निवांत बसलाय.”

दोघं भल्या सकाळी भाकरी बांधून निघाली होती, ती ठाकुरवाडीकडच्या कोंडी ठाकरिणीकडून दम्याची मुळी आणायला. मुळी हवी होती भागूबाईला. भागूबाई म्हणजे सदूची आई आणि जिजाची सासू. जिजाचा नवरा बुधाजी भाताच्या झोडणीत अडकलेला, बाईमाणसाला एकटीला रानात धाडायचं नाही, म्हणून धाकट्या दिराला सोबत दिलं होतं. आता गंमत अशी, की हा सदू खोपोलीच्या एका औषधाच्या कंपनीत शास्त्रज्ञ होता आणि कैक वर्षं एकाच औषधामागं लागला होता. ते औषध दम्याचंच. आपण केलेलं औषध आईनं उकिरड्यावर फेकलं म्हणून तिच्यासाठी डोंगरातली मुळी आणायला निघालेला शास्त्रज्ञ उभ्या कर्जत-खालापुरात दुसरा सापडला नसता.

सदूचं गोळ्यांचं वेड लहानपणचं. तो पोर होता तेव्हा गावात हिवताप फार. सरकारी माणूस यायचा, भिंतींवर पावडर फवारायचा आणि घरटी गोळ्या देऊन जायचा. गोळी वरून गोड, आतून कडूजहर. सदू गोड संपेपर्यंत ती चोखायचा आणि कडू लागायच्या आत तोंडातून काढून मागच्या कुडाला चिकटवायचा. दिवाळीला भागूबाई सारवायला बसली तर कुडावर ही रांग. आधी तिला वाटलं कसल्या किड्यानं अंडी घातलीत. मग तिनं एक उकरून जिभेला लावली आणि सदूला हाक मारली. मार खातानाही पोरगं समजावून सांगत होतं, “आये, गोळीनं सदरा घातलेला असतो. मी नुसता सदरा खाल्ला.”

बुधाजी ही गोष्ट अजून लग्नकार्यात सांगतो. सांगून झालं की म्हणतो, “तवापास्नं त्याचं त्येच चाललंय.” आणि ते खोटं नव्हतं. सदू कर्जतच्या शाळेत शिकला, पुढे मुंबईला मामाच्या खोलीत राहून औषधांचं शास्त्र शिकला, आणि घरी परतून जी नोकरी धरली तिच्यातही तेच काम आलं. औषध दुसऱ्या कुणीतरी शोधलेलं असायचं. ते पोटात कुठं सुटावं, कधी सुटावं, किती हळू सुटावं, याच्यासाठी गोळीला सदरे शिवायचे, हे सदूचं काम.

गावाला काही हे पटेना. देवळाच्या पारावरच्या मंडळींचं म्हणणं असं, की जगातले सगळे वैद्य औषध लवकर लागू पडावं म्हणून धडपडतात, आणि हा भागूचा पोरगा उशिरा लागू पडावं म्हणून पगार घेतो. सदू हसून सोडून द्यायचा. जिजाला मात्र त्यानं एकदा चुलीपुढं बसून नीट सांगितलं होतं, आणि तिला कळलंही होतं. साधी गोळी म्हणजे पेंढ्याचा जाळ, भडकन पेटतो आणि विझतो. सदूची गोळी म्हणजे राखेखाली पुरलेली गोवरी. रात्री पुरावी तर पहाटे उकरली तरी धग असते. शाळेत सातवी झालेली बाई, पण चुलीतलं तिला कुणी शिकवायला नको होतं.

त्या पहाटेच्या धगीसाठीच सगळा खटाटोप होता. भागूबाईला दमा जुना. दिवसातून तीन वेळा साध्या गोळ्या घेतल्या की तिचं बरं चाले, पण रात्रीची गोळी पहाटेपर्यंत टिकत नसे. कोंबडा आरवायच्या सुमाराला छाती भरून यायची. थंडीत तर बघवत नसे. दोन्ही हात टेकून बसायची, खांदे वर-खाली व्हायचे, आणि तशातही कुणाला तरी रागवायची. पण शिवीसुद्धा तिला पुरी देता येत नसे. “मेल्या” म्हणायची आणि थांबायची. मेल्यानं काय केलं ते दम आला तर सकाळी कळायचं.

म्हणून सदूनं ती गोळी केली. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि औषध तासातासानं पाझरत राहणार. मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रुग्णांना देऊन पाहिली, रीतसर परवानगी मिळाली, गोळी दुकानात आली. कर्जतच्या डॉक्टरांनी भागूबाईला तपासून तीच लिहून दिली. जिजानं त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली.

पण भागूबाईचं पोट काही शास्त्राला जुमानेना. आठवडा आठवडा गोळीचा गुण म्हणून दिसेना, आणि मग एके दिवशी एकदम छाती धडधडायची, हात कापायचे. दसऱ्यानंतर एकदा तर इतकं मळमळलं आणि काळीज इतकं उडायला लागलं की बैलगाडीत घालून डॉक्टरकडे न्यावं लागलं. परत आल्यावर तिनं गोळ्यांची बाटली उकिरड्यावर भिरकावली आणि सांगितलं, “या गोळीत भूत हाय. मला कोंडीची मुळीच आना.”

सदूचं जेवण तुटलं. त्यानं त्याच घाण्यातल्या गोळ्या कंपनीत पुन्हा पुन्हा तपासल्या. पोटाइतकं कोमट पाणी काचेच्या भांड्यात घालून त्यात गोळी फिरवत ठेवायची, अशी तिथली रीत. प्रत्येक गोळी शहाण्या सुनेसारखी हळूहळू विरघळली. काचेच्या पोटात बरोबर, आईच्या पोटात चूक. का, ते कळेना. आणि न कळता ती गोळी विकत राहायची म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाची आई बैलगाडीत. म्हणून त्यानं ठरवलं होतं, सोमवारी साहेबापुढं उभं राहून सांगायचं, माझी गोळी बंद करा. दगडाला तो तेच ऐकवत होता.

जिजानं ते ऐकलं आणि तिची चेष्टा आटली. इतक्या वर्षांचं काम माणूस असं आपल्या हातानं बुडवायला निघालाय, आणि चालतोय कसा, तर मुळी आणायला. मनातल्या मनात तिनं कुलदेवीला सांगितलं, की याच्या पदरात काहीतरी घाल.

भाकरी खायला दोघं एका कांडोळीच्या झाडाखाली बसली. पांढरंफटक खोड, पान नाही, भुतासारखं उभं. सालीतून डिंक ओघळून वाळला होता. सदूनं एक खडा सोडवून जिजाच्या हातावर ठेवला. “हाच आमचा सदरा, वहिनी. कोंडीची मानसं गोळा करतात आन व्यापाऱ्याला देतात, तिथनं आमच्याकडं. पान्यात घातला की फुगतो, पन लवकर विरघळत नाय. औषध त्याच्यात रुतून बसतं.”

जिजानं खडा पाण्याच्या तांब्यात बुडवून बोटांत चोळला. हळूहळू तो बुळबुळीत झाला, बोटं एकमेकांवरून घसरायला लागली, आणि तिला हसू आलं. “असं व्हय. हा तो चिकटा. आत्याबाई रोज शिव्या घालायच्या याला. सहान धुताना निघता निघत नाय.”

सदूचा घास हातात राहिला. “सहान?”

“गोळी उगाळतात ना.”

“कुठली गोळी?”

“तुमची,” जिजा म्हणाली. “दुसरी कुठली?”

मग त्यानं एकेक विचारलं आणि तिनं एकेक सांगितलं. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्या घरात सहाणेला न शिवता कुठलं औषध तोंडात गेलं होतं? वेखंड, सुंठ, हळकुंड, मायफळ, सगळं वळशांनी मोजायचं. सदूला स्वतःला याच सहाणेवरची गुटी चाटवून वाढवला होता. जुन्या गोळ्यासुद्धा भागूबाई उगाळूनच घेई, आणि त्या साध्या असल्यामुळं काही बिघडत नसे. नवी गोळी आली तशी तीही सहाणेवर गेली. चिवट निघाली, दाद देईना, तर भागूबाईनं दोन्ही हातांनी जोर लावून तिला वठणीवर आणलं. शिवाय भागूबाईचा हात सढळ. शेजारच्या ठकीला खोकला होता, तिला चार वळसे. ठकीच्या नातवाला खोकला नव्हता, पण तो समोर उभा होता, म्हणून त्याच्या जिभेला नुसतं बोट. उरलेलं स्वतःला. बरं वाटत असेल तर दोनच वळसे. आणि दसऱ्यानंतर फारच दम लागला तेव्हा सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही गोळ्या एकदम.

राखेखालची गोवरी बाहेर ओढून तिच्यावर घासलेट ओतल्यासारखं झालं होतं.

सदू आडवा झाला. गवतावर पाठ टेकून आभाळाकडं बघत पडला आणि मग हसायला लागला. असा हसला की वरच्या फांदीवरची वानरं खाली वाकून बघायला लागली. हसून झाल्यावर उठून बसला आणि एकदम चिडला, की एवढं सगळं चाललं होतं तर मला घरातल्या कुणी सांगितलं का नाही.

“तुमी कधी इचारलं?” जिजा म्हणाली. “आन गिळायची म्हून तुमी तरी कुठं सांगितलं? मुंबईला डॉक्टरांपुढं पडद्यावर चित्रं दावून दोन तास बोलून आलात. घरी काय म्हनालात? ‘आये, हे घे.’ झालं.”

सदूनं भाकरी संपवली. पण पुढचा चढ तो पोरासारखा चढला. साहेबापुढचं भाषण दगडापाशीच राहिलं.

कोंडीनं मुळी दिली. हा भागूचा धाकटा, गोळ्या करणारा, असं जिजानं सांगितल्यावर तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, की हा चांगल्या घरचा दिसतोय, मग याची आई माझ्याकडं माणूस का धाडते? सदूनं हात जोडले. मुळीचे पैसे तिनं घेतले नाहीत. म्हणाली, त्यापेक्षा त्या दोन गोळ्या धाडून दे, उगाळून बघते.

घरी आल्यावर त्यानं आईपुढं पाट ओढला आणि सगळं समजावलं. उगाळायची नाही, चावायची नाही, शेजारीपाजारी वाटायची तर नाहीच. पाण्याबरोबर अख्खी गिळायची. भागूबाईनं शांतपणे ऐकलं.

“गिळायची? न चावता, न चाखता?” ती म्हणाली. “मी काय साप हाय?”

जिजा पदर तोंडाला लावून आत गेली.

भागूबाईचं म्हणणं सरळ होतं. औषध आधी जिभेला कळलं पाहिजे. जीभ मग पोटाला वर्दी देते, की अमकं येतंय, तयार राहा. न सांगता पोटात शिरतो तो चोर, आणि चोर आला की काळीज धडधडणारच. पारावरच्या मंडळींनी हे ऐकलं असतं तर माना डोलावल्या असत्या. सदूनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो काचेच्या भांड्यापर्यंत पोचला तेव्हा भागूबाईनं त्याला हातानं थांबवलं आणि आवाज उतरवून म्हणाली, “सदू, पहाटे माझ्या गळ्यात वारा मावत नाय रं. तिथनं तुजी येवढी मोठाली गोळी जाईल कशी? मधीच आडकली तर? मला भ्या वाटतं.”

म्हातारी इतकी वर्षं सहाणेआड काय लपवत होती ते सदूला आत्ता दिसलं. त्यानं मुळी तिच्या हाती दिली, पाट उचलून ठेवला आणि पडवीत जाऊन बसला. गोळीत दोष नव्हता, म्हणून ती दुकानात राहिली आणि गिळणाऱ्यांना गुण देत राहिली. फक्त जिच्यासाठी केली ती तेवढी पहाटे हात टेकून बसत राहिली.

पौषात जिजाच्या धाकट्या पोराचं बोरनहाण आलं. त्याच्या दागिन्यांसाठी जिजा हलवा करत होती. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस, आणि वरून साखरेचा पाक थेंबथेंब सोडत बोटांनी सतत फिरवायचं. एक थर सुकला की दुसरा. घाई केली की सगळा लगदा. सदू खोपोलीहून आला तो चपला काढून तिथंच उकिडवा बसला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, “सरा वहिनी.”

कंपनीत हेच काम तो तांब्याच्या फिरत्या कढईत करत आला होता. त्यानं पाकाला असा हात लावला, की जिजाच्या हलव्याला आले नव्हते तसे काटे उभे राहिले. ठकीनं दारातून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की भागूचा शास्त्रज्ञ घरात हलवा करतो, म्हणूनच त्याला कुणी मुलगी देत नाही. बायका मुद्दाम विस्तव मागायला येऊन बघून गेल्या. सदूनं मान वर केली नाही. त्याच्या बोटांखाली एक दाणा लहान होता, एक मोठा, एकावर थर कमी, एकावर जास्त, आणि तो त्यांच्याकडं असा बघत होता की जिजानं शेगडी विझवायचं धाडस केलं नाही.

त्याच्या डोक्यात आलं, औषध गोळीत ठासण्याऐवजी असं दाण्यादाण्यावर चढवायचं. वरून लाखेचा, मेणाचा पातळ सदरा, कुणाला एक, कुणाला तीन. गावातल्या माणसांसारखे दाणे. कुणी पहिल्या गाडीला निघणारा, कुणी उन्हं चढल्यावर, आणि कुणी असा आळशी की पहाट झाल्याखेरीज हलायचाच नाही. सगळे मिळून एक चिमूटभर. त्यात घशात अडकण्यासारखं काहीच नाही. परदेशात असं कुणी कुणी केलेलं सदूनं वाचलं होतं, पण इथल्या दमट हवेत थर टिकेनात, दाणे एकमेकांना चिकटत. साहेब दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा सदूनं त्याच्या टेबलावर तीळगुळाच्या निमित्तानं हलव्याची वाटी ठेवली, आणि साहेब हो म्हणाला. दाण्यांवर थर बसवण्यात पुढची काही वर्षं गेली. मधे सदूचं लग्नही झालं, आणि नव्या सुनेला बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो हलव्याचाच.

पुन्हा इस्पितळ, पुन्हा परवानगी, आणि एका थंडीत कर्जतच्या डॉक्टरांनी भागूबाईला ते दाणे लिहून दिले. सदूनं या वेळी आईपुढं बसून सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. भागूबाईनं मान डोलावली, आणि तो चहा प्यायला आत गेल्याबरोबर सहाण काढली.

दाणे सहाणेवर ठरेनात. बोट टेकवलं की सटकन उडायचे. एक चुलीकडं, एक उंबऱ्याकडं, आणि चार-पाच अंगणात. अंगणात भागूबाईची तांबडी कोंबडी होती. तिनं ते टिपले. त्या दिवशी दिवेलागण झाली, बाकीच्या कोंबड्या खुराड्यात गेल्या, पण तांबडी काही जाईना. अंगणाला फेऱ्या घालत राहिली, सदूची बायको हाकलून हाकलून दमल्यावर बुधाजीनं तिच्यावर डालगं टाकलं, तर डालग्याखालीही ती चालतच होती. भागूबाई उंबऱ्यात बसून बघत होती.

“औषधात जोर हाय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दाणे मऊ भातात घालून घ्यायला सुरुवात केली. उगाळता येत नव्हते आणि चावायला दात नव्हते, तेव्हा दोन्ही बाजूंनी सदूचा विजय झाला. जिभेला थोडं गोड कळायचं, म्हणजे पोटाला वर्दीही गेली. ठकीनं वाटा मागितला तर भागूबाई म्हणाली, तुझ्या पोराला शिकव आणि तुझं तू करून घे.

मग एक पहाट अशी उजाडली, की जिजाला जाग आली ती सासूच्या आवाजानं. दूधवाल्यानं पाणी घातलं होतं. भागूबाई त्याला बोलत होती, त्याच्या म्हशीला बोलत होती, म्हशीवरून त्याच्या आज्यावर गेली आणि आज्यानं कधीकाळी सरकवलेल्या बांधावर येऊन थांबली, तेसुद्धा दूधवाला पळाला म्हणून. मधे कुठं खंड नाही. जिजा देवापुढं दिवा लावायला उठली तर पडवीत सदू घोंगडीत गुरफटून जागाच होता. भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि खांदे हलत होते. हसतोय की काय ते तिनं बघितलं नाही. वात पुढं सारली, हात जोडले आणि चूल पेटवायला गेली.

दाणे गावोगावी जायचे ठरले तेव्हा बाटलीत घालायचा माहितीचा कागद मराठीत करायची वेळ आली. मुंबईच्या कुणा विद्वानानं तो करून धाडला होता. सदूनं एका संध्याकाळी तो घरी आणून मोठ्यानं वाचला. सदर कणिकांचे चर्वण अथवा चूर्ण करणे सर्वथैव वर्ज्य होय. भागूबाई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, कुनाचं लगीन हाय?

सदू उठला आणि कागद घेऊन चुलीपाशी आला. जिजा भाकरी थापत होती. तो तिच्यासमोर बसला, पहिल्यांदा गोवरीची गोष्ट सांगायला बसला होता तसा, पण या वेळी त्याला बोलायला वेळ लागला.

“वहिनी, हे तुमी लिहून द्या. आईसारखीला कळंल असं. फकस्त एक करा. उगाळू नका, चावू नका, असं काय लिहू नका. नको म्हटलं की ती सहान शोधनार. काय करायचं, तेवढंच लिहा.”